पत्र्यावरचा पाहुणा

परमुलखात बदलून गेलेल्या नोकरदाराला नव्या गावाची खरी ओळख तेथील माणसांकडून फार उशिरा होते, असा आमचा अनुभव आहे. शेजारी असतात तेही बहुधा आपल्यासारखेच कोठून तरी बदलून आलेले. त्यांची भाषा आपल्या कानांवर जरा रुळते न रुळते तोच दोघांपैकी एकाच्या हाती बदलीचा हुकूम पडतो. सरकारी वसाहतीत स्थायिक म्हणावेत असे कोणी असतील तर ती तेथील झाडे, आणि त्या झाडांवरून, कुंपणांवरून व गटारांच्या काठाकाठाने पिढ्यान्‌पिढ्या आपला संसार चालवीत आलेले प्राणी. पक्ष्यांकडे निदान चार लोकांचे लक्ष असते. सस्तन प्राणी म्हटले की मात्र आपल्या लोकांना कान्हा किंवा ताडोबा आठवते, रजेचा अर्ज आठवतो आणि जीपगाडीचे भाडे आठवते. घराच्या पायरीवर बसून पाहता येण्याजोगा रानटी प्राणी असू शकतो, हे त्यांच्या गावीही नसते.

खारीचेच घ्या. रामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली आणि पट्टे उमटले, ही कथा आम्ही कोकणात लहानपणी ऐकली तेव्हा अंगणातल्या खारीच्या पाठीवर पट्टे तीन होते. दिल्लीस आल्यावर पहिल्याच आठवड्यात कडुनिंबावरची खार दुर्बिणीतून पाहिली, तो पट्टे पाच! राजधानीत सगळ्याच गोष्टी वाढवून मिळतात, अशी आमची प्रथम समजूत झाली. वस्तुतः या दोन निराळ्या जाती आहेत. दक्षिणेकडची तीन पट्ट्यांची व उत्तरेकडची पाच पट्ट्यांची. माकडांचेही तसेच. आपल्याकडचे लांब शेपटीचे, डोक्यावर केसांचा भांग पाडल्यासारखे दिसणारे माकड येथे नाही. येथे आखूड शेपटीचे, लालबुंद बुडाचे, कार्यालयाच्या खिडकीतून आत येऊन टेबलावरचा डबा उघडणारे माकड आहे. त्याला भिवविण्यासाठी पूर्वी वानर पाळणारे लोक भाड्याने बोलावीत. ते बंद पडल्यावर वानराचा आवाज काढणारी माणसे नेमली गेली, आणि २०२३ च्या सप्टेंबरात जी-२० परिषदेच्या वेळी तर वानरांच्या चित्रांचे उभे फलकच रस्तोरस्ती लावण्यात आले. त्या फलकांशेजारी एखादे माकड निवांत बसलेले दिसते का, हे पाहण्यासाठी आम्ही एका रविवारी कॅमेरा घेऊन हिंडलो. दिसले नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

जनपथावरच्या उंच झाडांवर दिवसभर उलटी लटकणारी मोठी वटवाघळे कित्येक दिल्लीकरांनी पाहिलेलीच नाहीत. मान वर करण्याचे काम त्या रस्त्यावर कोणाला पडत नाही. पंख पसरले की चार फुटांच्या आसपास भरणारा हा प्राणी फळांवर जगतो व त्यांचे बी दूरवर पसरवतो. तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर व कावळा यांच्या पंक्तीला, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात बसवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकले. पन्नास वर्षांनी का होईना, एका निरुपद्रवी अर्जदाराला न्याय मिळाला, असे आमच्यासारख्या फाइलींत वाढलेल्या माणसाला वाटल्यावाचून राहिले नाही.

दिल्लीपूर्वी आम्ही चेन्नईस होतो. तेथे गिंडीचे राष्ट्रीय उद्यान शहराच्या अगदी पोटात आहे, अवघे पावणेतीन चौरस किलोमीटरांच्या आसपास. त्याला लागून तंत्रशास्त्र संस्थेचे आवार. त्या आवारातल्या एका सहकाऱ्याकडे चहाला गेलो असता पिळदार शिंगांचा काळवीट समोरच्या हिरवळीवर उभा दिसला. गृहस्थाने त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. त्याचे सारे लक्ष महागाई भत्त्याच्या थकबाकीवर होते. आम्ही त्या वेळी खिशातल्या फोनवर घेतलेले चित्र आजही आमच्यापाशी आहे. काळवीट सुपारीएवढा दिसतो, पण मागची कपडे वाळत घातलेली दोरी स्पष्ट आली आहे. त्या दोरीमुळेच ते चित्र आम्हाला प्रिय आहे. जंगलातला काळवीट कोणीही टिपील. वाळत घातलेल्या पंच्यापलीकडचा काळवीट टिपायला तेथे राहावे लागते.

बोरिवलीच्या आमच्या आप्तांना हे सांगितले की ते हसतात. त्यांच्या इमारतीमागच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात व त्याच्या आसपास २०१५ च्या पाहणीत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी ३५ बिबटे नोंदवले. तेथील वारली पाड्यांतून वाघोबाची देवस्थाने आहेत. बिबट्याचे शेजारपण हा तेथे बातमीचा विषय नसून जुन्या रीतिभातीचा विषय आहे. वसाहतीत राहणाऱ्या आम्हा बदलीकरांना ही रीत ठाऊक नसते, आणि येथूनच आमची खरी हकीकत सुरू होते.

आमची वसाहत दक्षिण दिल्लीतील जुन्या सरकारी वसाहतींपैकी एक. दुमजली, पिवळट रंगाच्या इमारती, मध्ये हिरवळ, कडेने जांभूळ, कडुनिंब, पिंपळ. आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो. मागच्या सज्ज्यावर पूर्वीच्या कोणा रहिवाशाने पत्रा घातला होता, आणि सज्ज्याला लागून मातुःश्रींची खोली. मातुःश्रींचे वय त्या वेळी ब्याऐंशी. रत्नागिरी जिल्ह्यातले घर बंद करून त्यांना आम्ही दिल्लीस आणले होते. दिल्लीत त्यांना बोलायला कोणी नव्हते. हिंदी समजे, पण बोलण्याची त्यांना भीड वाटे. झोप तर केव्हाच उडालेली. एके सकाळी त्या म्हणाल्या, "रात्री पत्र्यावरून कोणी तरी गेलं. मांजर नव्हे. मांजराचं पाऊल असं पडत नाही." मग हे रोजचेच झाले. रात्री साडेअकराच्या सुमारास जाणारा आणि पहाटे चारच्या आधी परतणारा तो कोणी, त्यांच्या दिवसाचा, किंवा खरे म्हणजे रात्रीचा, एक ठरलेला भाग होऊन बसला. सौभाग्यवतींना त्यांनी एकदा सांगितले, "तो परत आला की मला झोप लागते."

१९२० च्या सुमारास संयुक्त प्रांताच्या वनखात्यात एफ. डब्ल्यू. चँपियन नावाचे अधिकारी होते. त्यांनी बंदूक ठेवून दिली आणि वाघाच्या वाटेवर बारीक तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाशाची पूड भडके आणि वाघ स्वतःचे चित्र स्वतःच काढून निघून जाई. १९२५ साली ही चित्रे लंडनच्या सचित्र साप्ताहिकात झळकली व १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक आले. जिम कॉर्बेटसारख्या शिकाऱ्याला कॅमेऱ्याची गोडी लागली ती चँपियन यांच्यामुळे. चँपियन हे सरकारी नोकर होते, घरापासून दूर होते, आणि नोकरीच्या फिरतीतच त्यांनी हे सारे केले, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते. आपल्या भाषेत हा मान मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचा. वनखात्याची चाकरी सांभाळून त्यांनी प्राण्यांची, पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे मराठी ग्रंथांत आणली. आमची योग्यता अर्थातच या दोघांच्या पासंगालाही पुरणारी नाही. पण तारेच्या जागी आज जो हिरवट डबा मिळतो, तो आमच्यासारख्यालाही वापरता येतो. समोरून ऊबदार शरीर हलले की त्यातील यंत्राला त्याची चाहूल लागते, माणसाच्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त प्रकाश पडतो आणि चित्र उमटते. वाघांच्या २०१८ च्या देशव्यापी गणनेत असे डबे २६,८३८ ठिकाणी लावले होते. आम्ही एक लावला.

तो लावण्यास निमित्त मात्र मातुःश्रींचे नव्हते. डिसेंबर २०१६ मध्ये यमुनाकाठच्या जैवविविधता उद्यानात आलेला बिबट्या पिंजऱ्यात पकडून दिल्लीबाहेर नेण्यात आला, ते वर्तमानपत्रांत रंगवून आले. त्याच आठवड्यात आमच्या वसाहतीच्या पहारेकऱ्याने कुंपणावर काही तरी लांब शेपटीचे, काळसर पाहिले आणि सकाळपर्यंत "चीते का बच्चा" घरोघर पोहोचला. मुलांचे खेळणे बंद झाले. रविवारी रहिवाशांची सभा भरली. एकाने ती "कबर बिज्जू" असल्याचे सांगितले व ती पुरलेली प्रेते उकरते अशी पुस्ती जोडली, त्यामुळे बिबट्याच बरा असे सर्वांना वाटू लागले. सभेत दोन पक्ष पडले. पहिला पिंजरा लावण्याच्या बाजूचा. दुसरा पक्ष अधिक व्यवहारी होता. उंदरांचे औषध केळ्यात भरून चार जागी ठेवावे, पिंजऱ्याचा खर्च कशाला, असे त्याचे म्हणणे.

सभेतला आमचा वकूब तो केवढा! तरी उठून आम्ही १९७२ च्या कायद्याचे दुसरे कलम वाचून दाखवले. त्या कलमात शिकार या शब्दाची व्याख्या आहे. तीत मारणे आहे, तसेच विष घालणे, पकडणे, सापळा लावणे, हाकलणे आणि आमिष दाखवणे हेही सारे आहे. सभेत बसलेले सगळेच कोणत्या ना कोणत्या मंत्रालयातले. कलम वाचून दाखवले की या जातीच्या माणसाचा राग निम्म्याने उतरतो. उरलेला निम्मा उतरविण्यासाठी आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागितली. तोवर प्राणी कोणता ते ठरवू, मग हवा तो ठराव करा. मुदत मिळाली. केळी विकत घेतलेली होती, ती कोणाच्या तरी मुलांनी खाल्ली असावीत.

डबा आम्ही मागच्या भिंतीशेजारच्या जांभळीला, जमिनीपासून हात-दीड हातावर बांधला. समोर केळे ठेवावे असे कित्येकांनी सुचवले. आम्ही ठेवले नाही. जे कलम सभेला ऐकवले ते आपल्याला लागू नाही असे धरून चालणे आम्हाला जमले नसते. पहिल्या नऊ रात्रींत तीनशेबारा चित्रे निघाली. त्यांत दोनशेऐंशी मांजरांची, काही पहारेकऱ्याच्या काठीची व त्याच्या विडीच्या ठिणगीची, आणि एक, आमचे तोंड उघडेच राहिले असे, भर मध्यरात्री मुंगसासारख्या चपळाईने भिंत चढणाऱ्या समितीच्या सचिवांचे. ते चित्र आम्ही पुसून टाकले. दहाव्या रात्री, अकरा वाजून बावीस मिनिटांनी, तो आला.

करडे खरखरीत अंग, त्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी, तोंडावर जणू काळा बुरखा, डोळ्यांखाली पांढरे डाग आणि अंगाइतकीच लांब शेपूट. चित्र संगणकावर मोठे करून आम्ही ग्रंथ उलगडून बसलो होतो. मातुःश्री काठी टेकत मागे येऊन उभ्या राहिल्या. चष्मा सारखा करून त्यांनी पाहिले आणि ग्रंथ मिटवला. "अरे, हा तर कांडेचोर. आमच्या माडावर चढून भंडाऱ्याच्या मडक्यातली माडी प्यायचा. बाबा त्याला शिव्या द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तो आला नाही तर विचारायचेही." म्हणजे उदमांजर. इंग्रज लोकही त्याला माडी पिणारे मांजर म्हणत, मात्र हे मांजर नव्हे. वजनाला दोन ते पाच किलो, बव्हंशी फळांवर जगणारे, जोडीला उंदीर, पाली, किडे. जांभूळ, चिकू, उंबर यांच्या बिया त्याच्या पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात, आणि भिंतीच्या माथ्यावर अगदी दिसेल अशा जागी ठेवलेली ती बियांची चवड वसाहतीतील झाडूवाल्यास वर्षानुवर्षे ठाऊक होती. त्याला कोणी विचारले नव्हते इतकेच.

मातुःश्रींचे वाक्य हिंदीत करून आम्ही दुसऱ्या सभेत सांगितले आणि चित्र सूचनाफलकावर लावले. बिबट्याचा ठराव मागे घेतला गेला. फलकावरच्या चित्राखाली कोणा मुलाने "दादीजी का दोस्त" असे लिहिले. ते लिहिल्यावर मातुःश्रींना ओळखणारे लोक वसाहतीत निघू लागले. मुले पायऱ्या चढून येऊन रात्रीची वार्ता विचारीत आणि मातुःश्री त्यांच्याशी, भीड विसरून, मालवणी वळणाची हिंदी बोलत. आमच्या दहा वर्षांच्या प्रयत्नांनी जे साधले नव्हते ते हे.

या गोष्टीला दीड वर्ष होते न होते तोच वसाहती पाडून उंच इमारती बांधण्याची योजना आमच्या दारी आली. दक्षिण दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस २०१६ साली मंजुरी मिळाली होती, हे सर्वांस ठाऊकच आहे. घरे जुनी झाली होती, गळत होती, माणसांना घरे कमी पडत होती. या युक्तिवादाला आमच्यापाशी उत्तर नाही व ते असल्याचा आव आम्ही आणत नाही. २०१८ च्या मार्चपासून एकेक इमारत रिकामी होऊ लागली. समोरची इमारत रिकामी झाली आणि महिन्याभरात तिच्या फुटक्या झरोक्यातून आमचा पाहुणा आत-बाहेर करताना दिसू लागला. पाहुणा नव्हे, पाहुणी. एप्रिलच्या अखेरीस डब्यातल्या चित्रात तिच्यामागे तीन पिल्ले होती, आणि त्या इमारतीच्या दारावर पाडण्याच्या तारखेचा कागद.

कामावरचा कनिष्ठ अभियंता पंचविशीतला, बिहारकडचा. आम्ही त्याला चित्रे दाखवली. त्याने ती फार वेळ पाहिली. मग आपले रजिस्टर काढले आणि त्या इमारतीची वीज तोडल्याचा दाखला अद्याप आलेला नाही, असे निदर्शनास आणले. दाखला नसताना इमारत पाडता येत नाही, हा नियम. दाखला खरोखरच आला नव्हता. तो आणविण्यासाठी स्मरणपत्र पाठवण्याचे काम त्याचेच होते, आणि ते त्याने नियमाने जो अवधी मिळतो त्या अवधीच्या अगदी शेवटच्या दिवशी केले. सरकारी दिरंगाईविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती अशीही कोणाच्या उपयोगी पडते, याची नोंद कोठे तरी असावी म्हणून येथे करतो. त्या अठरा दिवसांत उदमांजरीने पिल्ले हलवली. तोंडात धरून एकेक, दोन रात्रींत. डब्यात दोनच फेऱ्या आल्या. तिसरी एक तर कॅमेऱ्याच्या आडून गेली किंवा झालीच नाही. पिल्ले कोठे नेली तेही चित्रात नाही. दोन्ही वेळी तिचे तोंड कोपऱ्यातल्या जुन्या जांभळीच्या दिशेला होते.

त्या जांभळीच्या खोडावर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला होता, तसाच भोवतीच्या सगळ्या झाडांवर. जून २०१८ मध्ये सरोजिनीनगर भागात लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेले आणि झाडे तोडण्यास स्थगिती मिळाली, तेव्हा आमचे बिऱ्हाड दुसरीकडे, एका नव्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर लागले होते. घर चांगले आहे. गळत नाही, पाणी चोवीस तास. मातुःश्री पहिल्या रात्री कान देऊन पडून राहिल्या. वर आठवा मजला आहे. तेथून रात्री अकराला खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. सकाळी त्यांनी विचारले, "डबा कुठे आहे?"

डबा तेथेच, कोपऱ्यातल्या जांभळीसमोरच्या भिंतीला बांधून आलो होतो. मजूर लोक तो नेतील असे सर्वांनी सांगितले होते. कोणी नेला नाही. जुलैच्या मध्यावर आम्ही पत्र्याच्या कुंपणातून, पहारेकऱ्याच्या परवानगीने, आत गेलो. आमची इमारत नव्हती. तिच्या जागी विटांचा ढीग होता आणि ढिगाशेजारी मजुरांच्या झोपड्या. झाडे उभी होती, जांभळीखाली जमीन जांभळी झालेली. घरी आणून चित्रे लावली. मजुरांची पोरे जांभळे वेचताना, कॅमेऱ्याला डोळा लावून आत पाहताना, एक कुत्री, पुन्हा पोरे, पाऊस. सौभाग्यवती स्वयंपाकघरात गेल्या. मातुःश्री बसून राहिल्या. शंभरावर चित्रे गेली असतील. मग एकात, डाव्या कडेला, भिंतीच्या माथ्यावर अर्धे अंग आणि सबंध शेपूट. वेळ अकरा वाजून चाळीस मिनिटे.

"पिल्लं?" मातुःश्रींनी विचारले.

"दिसत नाहीत."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "कार्ड रिकामं कर," त्या म्हणाल्या, "आणि उद्याच परत लावून ये. जांभळं अजून आठ-दहा दिवस आहेत."